नवाबाला आवतण

मराठवाड्यात लेकीकडे निघालो, तेव्हा आमच्या कोल्हापूरच्या गल्लीनं एकमुखानं सल्ला दिला की पाणी बरोबर घेऊन जा. मी बाटल्यांचा एक खोकाच घेतला. नांदेडला उतरलो तर स्टेशनबाहेर घोट्यापर्यंत पाणी, आणि त्यात मी डोक्यावर पाण्याचा खोका घेऊन उभा. एका रिक्षावाल्यानं विचारलं, "काका, विकायचंय का?"

"नाही."

"मग ठेवा की खाली. आमच्याकडं हाय लई."

माझा धंदा मिरची कांडपाचा. जनावरांशी संबंध म्हणाल तर रोज सकाळी कट्ट्यावर उभं राहून डोळ्यांसमोर पिळलेलं म्हशीचं दूध पिणं, एवढाच. पण तेवढ्यावर आपल्याला गाईगुरांतलं सगळं कळतं असं कोल्हापूरच्या माणसाला वाटतं, आणि मी तर अस्सल तिथला. त्यात लेक जनावरांची डॉक्टर. स्नेहलची नोकरी उमरी तालुक्यात, सासर लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळजवळच्या एका गावात. यंदा व्याह्यांनी पोळ्याला अगत्यानं बोलावलं होतं. म्हटलं, आधी लेकीचं काम बघू, मग तिच्याबरोबर सण करू. दोन्ही ठिकाणी मी काय केलं ते आता सांगतो. गल्लीत अजून अर्धंच सांगितलंय.

उमरी

पहिल्याच सकाळी स्नेहल लम्पीची लस टोचायला एका खेड्यात निघाली. मी मागे लागून गाडीत बसलो. गावात झाडाखाली गाई बांधलेल्या होत्या. सगळ्या लाल कंधारी, तांब्याच्या घागरीसारख्या गडद, डोळ्यांभोवती काजळाची रेघ. आमच्याकडची म्हैस बघितली की दूध आठवतं. ह्या गाई बघून मला लग्नातले शालू आठवले.

पांढऱ्या मिशांचे एक आजोबा आपली गाय घेऊन पुढे आले. स्नेहल सुई भरत होती. आजोबा मला म्हणाले, "जरा कासरा धरता का?"

"धरतो की! त्यात काय!"

कासरा हाताला गुंडाळायचा नसतो, हे तिथल्या पोरासोरांनाही माहीत असतं. मी मात्र निसटू नये म्हणून मनगटाला चांगले वेढे दिले. सुई टोचली. गाय निघाली. तिच्याबरोबर मीही निघालो. उकिरड्यापाशी गाय वळली, मी वळलो नाही.

लोकांनी मला बाहेर काढलं. आजोबांनी स्नेहलला विचारलं, "मॅडम, हा नवीन माणूस कुठून आणला?"

"माझे वडील आहेत."

आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग एक सुई यांना बी देऊन टाका. लई उधळून राहिले."

सगळं झाड हसलं. पण मी चिखल पुसता पुसता एक बघितलं. त्या गावात "मॅडम, हिकडं या", "मॅडम, हिचं बघा" असं सारखं चालू होतं. एक बाई तर आपल्या गाभण गाईच्या पाठीवर हात ठेवून स्नेहलची वाट बघत बसली होती, आपलं माणूस यायचंय अशी. बापाला याहून दुसरं काय पाहिजे?

संध्याकाळी आठवडी बाजारात गेलो. शेळ्यांच्या बाजारात काळ्याभोर उस्मानाबादी शेळ्या, कान लांब, अंगावर चकाकी. श्रावण लागल्यापासून मी मटणाला मुकलेला. एका बोकडासमोर माझे पाय आपोआप थांबले. व्यापारी हसला.

"काय बघून राहिले काका? अजून श्रावण हाय. पोळा होऊ द्या. दुसऱ्या दिवशी कर असती, तवा या. करीला बाजार तापतो बगा."

तोवर बाजार थंडा, असं तो म्हणाला. मी बोकडाकडे बघत होतो आणि बोकड माझ्याकडे. दोघंही आपापल्या काळजीत होतो.

वाटेवर

उमरीहून लातूरकडे जाताना दोन्ही बाजूंना सोयाबीन कमरेला लागलेलं. मी बोलायच्या लहरीत होतो. स्नेहलची नजर रस्त्यावर. शेवटी म्हणाली, "आण्णा, घरी गेल्यावर माझ्या डॉक्टरकीचं काही बोलू नका."

"का गं?"

"मामा मला गोठ्यात हात लावू देत नाहीत. मागं त्यांच्या नवाब बैलाचा खूर दुखावला, तर उदगीरहून डॉक्टर बोलावला. मी दारात उभी होते."

"छळतात काय?"

"छळतील कशाला? फार माया करतात, तीच तर पंचाईत आहे. म्हणतात, माझी सून शेणामुतात हात घालणार न्हाई, तिनं मानानं बसायचं." तिनं गिअर बदलला. "शिरूरला जागा रिकामी आहे. बदली मागितली तर मिळेल. आत्ता आम्ही नवराबायको फक्त रविवारी भेटतो. पण तिथं जाऊन करू काय? गाव म्हणणार, किशनरावच सुनेला बैल दाखवत नाहीत, आपण कशाला दाखवायचा?"

जावई लातूरला शिकवणीच्या क्लासात गणित शिकवतात. तिथल्या पोरांच्या परीक्षा पोळा-दिवाळी बघत नाहीत, त्यामुळे या सणालाही ते येणार नव्हते. लेक एका जिल्ह्यात, जावई दुसऱ्या जिल्ह्यात, आणि मधे एक माया करणारा सासरा. मी गप्प बसायचं कबूल केलं. तोंडानं गप्प बसलोही. जो काही घोटाळा केला तो हातांनी केला.

खांदमळणी

व्याही किशनराव म्हणजे उंच, सडसडीत गृहस्थ. आवाज खाली, नजर बैलांवर. चहा होतो न होतो तोच मला गोठ्यात घेऊन गेले. दावणीला देवणी बैलांची जोडी होती, नवाब आणि वजीर. अंग दुधासारखं पांढरं आणि चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना काळे डाग, कोणी शाई लावून हात फिरवल्यासारखे. नवाबाचा थाट तर असा की मी नकळत नमस्कार केला.

"ह्या साली वेशीच्या तोरणाचा मान आपल्या जोडीला हाय," किशनराव म्हणाले. "नवाब पुढं, मागं सगळं गाव."

संध्याकाळी खांदमळणी झाली. गरम पाण्यानं बैलांचे खांदे शेकायचे, मग लोणी आणि हळद चोळायची. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांची ती चाकरी. आमच्याकडे बेंदूर आषाढात होऊन जातो, मिरवणूक मी दरसाल बघतो. पण बैलाच्या खांद्याला हात लावायची ही माझी पहिलीच वेळ. त्वचा दगडासारखी घट्ट झाली होती. चोळता चोळता नवाबानं डोळे मिटले.

किशनरावांनी मला पुढे केलं. "इवाई, आता आवतण द्या."

"कुणाला?"

"नवाबाला. उद्याच्या जेवणाचं. म्हणा, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. घरात पाहुणा असला तर आवतण पाहुण्यानंच द्यायची आमची रीत हाय. आन् ज्यानं आवतण दिलं, त्याचा बैल पाहुणा. उद्याच्या दिवसाचं त्याचं समदं त्यानं बघायचं."

मी हात जोडून म्हटलं. नवाबानं माझ्या टकलावरून जीभ फिरवली. किल्ली घासायच्या कानशीसारखी ती जीभ, पण मी ती पोच समजलो आणि रात्री छाती फुगवून झोपलो. माझ्या आयुष्यात नवाब जेवायला यायची ही पहिलीच वेळ होती.

पोळा

सकाळी नदीवर बैल धुतले. मीही धुवायला उतरलो आणि बैलाआधी मीच धुऊन निघालो, ते राहू द्या. दुपारी शिंगांना हिंगूळ, गळ्यात घुंगरमाळा, कपाळाला बाशिंग, पाठीवर आरशांची झूल. नवाब उभा राहिला तसा शेजारचा बाबूराव कुंपणावरून बघत राहिला. तोरणाच्या मानात त्याच्या जोडीचा नंबर किशनरावांच्या मागे लागायचा, हे त्याच्या तोंडावरच लिहिलेलं होतं.

मग नैवेद्य. विहीणबाईंनी पुरणपोळीचं ताट आणलं, ओवाळलं. किशनरावांनी एका पोळीचे दोन तुकडे केले, एक नवाबाच्या तोंडात घालायला मला दिला, दुसरा वजीरला दिला आणि हात धुतले. संपलं!

मी थक्क झालो. काल मी हात जोडून जेवायला बोलावलंय आणि आज पानात अर्धी पोळी? आमच्याकडे पाहुणा ताटावर दोन्ही हात आडवे धरून "नको, नको" म्हणेपर्यंत वाढतात, आणि म्हटल्यावर आणखी एकदा वाढतात. म्हटलं, व्याह्यांचा हात जरा आखडता दिसतोय. असो, यजमान मी आहे.

सगळे जेवून पडले होते. मी स्वयंपाकघरात गेलो. "विहीणबाई, पोळ्या आहेत का अजून?"

त्यांचा चेहरा असा फुलला! "हायत की! लई आवडल्या वाटतं?"

त्यांनी टोपली माझ्या हातात दिली आणि शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "आमच्या इवायाला पोळ्या लई आवडल्या गं!"

मी टोपली घेऊन थेट गोठ्यात. एक पोळी दिली, नवाबानं खाल्ली. आग्रहाची दुसरी दिली, तीही खाल्ली. मी वाढत गेलो, तो खात गेला. शेवटी तिथंच बैलांसाठी काढून ठेवलेले कणकेचे गोळेही दिले. एकदाही त्यानं नको म्हटलं नाही. बैलाला ताटावर हात आडवा धरता येत नाही, एवढं साधं माझ्या लक्षात आलं नाही.

उन्हं कलायला लागली तसे वेशीकडे हलगी-ताशे वाजायला लागले. किशनराव पटका बांधून गोठ्यात गेले आणि त्यांची हाक आली. ती हाक मी विसरणार नाही.

नवाब चारी पाय फाकून उभा होता. रवंथ बंद. जीभ बाहेर, मान लांब ताणलेली. डावी कूस हलगीसारखी ताठ फुगून पाठीच्या वर आलेली. श्वास घेताना सगळं अंग हलत होतं.

"दृष्ट लागली," एकजण म्हणाला.

"हिंगूळ बाधला," दुसरा.

बाबूरावानं घसा साफ केला. "किशनराव, वेळ चालला. न्हाईतर मान आमच्या जोडीला..."

किशनरावांना काही ऐकू येत नव्हतं. ते उदगीरच्या डॉक्टरला फोन लावत होते. डॉक्टर आपल्या गावी पोळ्याला गेलेले. निघतो म्हणाले, पण तिकडून यायला वेळ लागणार होता. नवाबाचे गुडघे लटपटायला लागले. एकदा बसला असता तर उठला नसता, हे तिथं प्रत्येकाला कळत होतं. अगदी मलासुद्धा.

स्नेहल दारातून आत आली. अंगावर सणाची काठाची साडी. "मामा, मी बघते."

"तू न्हाई, पोरी. तू सरक. डॉक्टर येऊलालेत."

"तोवर राहणार नाही तो. काय खाल्लं त्यानं?"

"अर्धी पोळी. रोजची वैरण. दुसरं काय न्हाई."

त्या क्षणी मला जमिनीनं पोटात घेतलं असतं तर मी आवतणाचीही वाट पाहिली नसती. पण लेक सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. कारण कळल्याशिवाय ती औषध काय करणार?

"मी पोळ्या घातल्या," मी म्हणालो.

"किती?"

"टोपली."

"कोणती टोपली?"

"मोठी. आणि कणीक."

मागून विहीणबाईंचा आवाज आला, "आगं माय! मला वाटलं तुमीच खाल्ल्या!"

कोणी हसलं नाही. किशनरावांनी माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "इवाई, ही काय पंगत होती का ओ?" आणि नवाबाच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. स्नेहल पुन्हा पुढे आली. त्यांनी पुन्हा मान हलवली. "आमच्या घरची सून..."

आणि मला सुचलं. कुठून सुचलं, देव जाणे. माझ्या डोक्याची तशी ख्याती नाही.

"किशनराव, आवतण कुणी दिलं?"

"काय?"

"नवाबाला आवतण मी दिलं का तुम्ही?"

"तुमी."

"मग आज दिवसभर हा पाहुणा कुणाचा? तुमचीच रीत. आजच्या दिवसाचं त्याचं समदं मी बघायचं. म्हणजे तुमची सून तुमच्या बैलाला हात लावत नाही. माझी लेक माझ्या पाहुण्याला औषध देतेय. तुम्ही मधे पडू नका!"

एक म्हातारी दारातून म्हणाली, "हाव गं माय, रीतीनं बरुबर हाय."

किशनरावांनी सुनेकडे बघितलं, मग नवाबाकडे. हात मानेवरून काढला आणि दोन पावलं मागे सरले.

नंतर जे बघितलं ते सांगताना अजून अंगावर काटा येतो. पदर खोचला आणि ती आमची स्नेहल राहिलीच नाही. "पेटी आणा गाडीतली. झूल काढा, माळा काढा. पुढचे पाय त्या ओट्यावर चढवा. मामा, तोंडात लाकूड आडवं धरा, तुमच्याच हातानं तो ऐकेल. आई, तेल आणा, गोडंतेल, असेल तेवढं." गाव पळायला लागलं. बाबूरावही पळाला. तिनं जाड रबरी नळी नवाबाच्या तोंडातून हळूहळू आत सोडली आणि बाहेरचं टोक माझ्या हातात दिलं. "आण्णा, हे बादलीवर धरा. आणि हाताला गुंडाळू नका."

नळीतून नुसता फेस आला. थोडा, मग थांबला. फुगवटा तसाच. स्नेहलच्या कपाळावर घाम. कोणीतरी पुटपुटलं, "गेलं जनावर."

"फेसात हवा अडकलीय," ती कोणालाच उद्देशून बोलली नाही. नरसाळ्यानं नळीतून तेल सोडलं, आणि दोन्ही मुठींनी डावी कूस मळायला लागली, अख्ख्या अंगाचा भार टाकून. किशनराव बघत राहिले. मग त्यांनी लाकूड एका गड्याच्या हातात दिलं, पटका काढून ठेवला आणि तिच्या शेजारी उभं राहून कूस मळायला लागले. सासरा आणि सून, एका तालात.

"अजून खाली, मामा."

"हितं?"

"हां. दाबा."

नळीतून गुरगुर आली. काय होतंय बघावं म्हणून मी टोक तोंडापुढे धरलं.

इथं माझी आयुष्यभराची चूक झाली. जे आलं त्याचं वर्णन पुरणपोळी आवडणाऱ्यांनी वाचू नये. आधी एक गरम झोत, मग लांबलचक, संपता संपेना असा भोंगा. माझी टोपी उडाली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि गावभर गुळाचा आंबूस वास पसरला. मी नळी सोडली नाही. सोडावीशी वाटली, पण सोडली नाही. समोर नवाबाची कूस उतरत होती, पोत्यातलं धान्य सांडावं तशी. त्यानं जीभ आत घेतली, पापण्या हलवल्या, आणि एक मोठा सुस्कारा टाकला.

गोठा असा ओरडला की वेशीवरचे ताशे थांबले.

स्नेहलनं सोड्याचं पाणी पाजलं, कानामागे हात लावून बघितलं, पोटाला कान लावला. "आता चालवायचा. चालला तर चांगलंच. पण झूल नको, शिंगाला काही नको, हळूहळू."

"वेशीपर्यंत?" किशनरावांनी विचारलं. माझ्या ऐकण्यात त्यांनी सुनेला विचारलेला तो पहिलाच सवाल.

"वेशीपर्यंत चालेल."

तेवढ्यात नवाबानं रवंथ सुरू केलं. मला त्या घटकेला ताशांहून तो आवाज गोड लागला.

अंधार पडायच्या आत आम्ही निघालो. पुढे नवाब, बाशिंगाशिवाय, झुलीशिवाय, अंगावर तेलाचे ओघळ. मागे वजीर नटून-थटून, त्याच्या मागे बाबूरावाची जोडी, मग सगळं गाव. मी कडेनं चाललो होतो, खांद्यावर नवाबाची आरशांची झूल आणि अंगाला तो वास. त्यामुळे माझ्याभोवती भरपूर मोकळी जागा होती.

वेशीजवळ किशनराव थांबले. कासरा त्यांच्या हातात होता. पोळ्याला बाई बैल धरत नाही, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. सगळ्या बायका कडेला उभ्या होत्या. किशनरावांनी मागे वळून बघितलं. स्नेहल गर्दीत, साडीला शेण, हात कोपरापर्यंत तेलकट. त्यांनी तिला हातानं बोलावलं आणि कासरा तिच्या हातात दिला.

गर्दीतून एकजण ओरडला, "किशनराव, बैल सून धरणार काय आता?"

"हाव."

"आन् तुमी?"

किशनराव बाजूला सरकले. स्नेहलनं कासरा ढिला सोडला, नवाबानं मान वर केली आणि आंब्याच्या पानांचं तोरण शिंगावर घेऊन वेशीतून आत गेला. पानं तिच्या डोक्यावर पडली. ताशे फुटतील की काय असे वाजले. माणसं दोन्ही बाजूंनी पुढे घुसली, आपापल्या बैलांचे कासरे ओढत, "आमच्या बी बैलानं लई खाल्लंय", "आमचा बी बगा" असं ओरडत. त्या रेटारेटीत किशनराव दोन्ही हात पसरून सुनेच्या पुढे झाले, आणि एवढा वेळ खाली असलेला त्यांचा आवाज सगळ्या ताशांच्या वर चढला.

"सरका! सरका मागं! डॉक्टरला वाट द्या!"